वाचकांचे प्रश्न : दोन कॉर्डचं गाणं आणि सोलापूरचा मे महिना

या वेळच्या टपालात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं एकाच गाण्याबद्दल आहेत : फ्लीटवुड मॅक या बँडचं ‘ड्रीम्स’. १९७७ सालचं, प्रेमभंगाचं, सॉफ्ट रॉक म्हणतात त्या घराण्यातलं. जवळजवळ सगळं गाणं दोनच कॉर्डवर असल्यामुळे नवशिके ते आधी हातात घेतात आणि तिथंच फसतात. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं. दोन गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, शिवाय गायला एक मैत्रीण. कॉलेजच्या गॅदरिंगला ‘ड्रीम्स’ घेतोय. कॉर्ड सगळ्यांना नीट येतात, तरी दीड मिनिटानंतर ऐकणारे खिशातून मोबाइल काढतात. चुकतंय कुठं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमची तक्रार जुनीच आहे. खुद्द त्या बँडमधल्या क्रिस्टीन मॅकव्ही यांना हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं. मग गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम यांनी त्याच कॉर्डवर तीन भाग असे उभे केले, की प्रत्येक भाग वेगळा वाटावा. तुम्हालाही नेमकं तेच करायचंय.

आधी गाण्याची पार्श्वभूमी, कारण वाजवण्याशी तिचा संबंध आहे. स्टीव्ही निक्स यांनी हे १९७६ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सॉसालिटो इथल्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत, फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवर, दहाएक मिनिटांत लिहिलं. तेव्हा निक्स आणि बकिंगहॅम यांचं नातं तुटत होतं, क्रिस्टीन आणि बास गिटार वाजवणारे जॉन मॅकव्ही हे नवरा-बायको वेगळे होत होते आणि ड्रमर मिक फ्लीटवुड यांच्याही घरी तेच चाललं होतं. म्हणजे ज्याच्यावर गाणं लिहिलंय, तोच माणूस मागे गिटार वाजवतोय. म्हणूनच की काय, या गाण्यात कुणी कुणावर ओरडत नाही, सगळे एकमेकांना जागा देऊन वाजवतात. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘रूमर्स’ या अल्बममध्ये ते आलं आणि जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं या बँडचं हे एकमेव गाणं.

आता कॉर्डकडे. एक आवर्तन एफ, एक आवर्तन जी, पुन्हा एफ, पुन्हा जी. पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरला तर हे झाले म आणि प. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ए मायनर येतो, म्हणजे ध. सा चा कॉर्ड, सी मेजर, संपूर्ण गाण्यात येतच नाही. कान त्याची वाट पाहत राहतो आणि गाणं त्याला देत नाही. सगळा जीव यात आहे. आपल्याकडचे गिटारवाले मात्र कडवं संपलं की सवयीनं सी मारून ‘समेवर’ येतात. तो सी आला की ताणच जातो, आणि पुढचं कडवं पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यासारखं लागतं. तुमच्यापैकी कुणी असं करतंय का, ते सरावाचं रेकॉर्डिंग करून ऐका. शेवटही सी वर करू नका. एफ वर थांबा, हात उचला आणि तारा आपोआप विझू द्या.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे बास नाही. एरवी चालून जातं, पण इथं कॉर्ड दोनच असल्यामुळे गाणं कुठं उभं आहे हे सांगायचं काम बासचंच आहे. दोन गिटारवाल्यांपैकी एकानं बास घ्यावा. मागून आणला तरी चालेल. वाजवायला दोन-तीनच सूर आहेत, आठवड्यात हात बसतो. ते जमत नसेल तर कीबोर्ड मधल्या सी च्या खाली स्प्लिट करा, म्हणजे दोन भागांना दोन वेगळे आवाज द्या, आणि डाव्या हाताला ‘फिंगर बास’ लावा. पहिल्या मात्रेवर लांब सूर, तिसऱ्या मात्रेच्या किंचित आधी तोच सूर आखूड, बाकी गप्प. चौथ्या मात्रेत वर-खाली पळायचा मोह होतो, तो आवरा.

कीबोर्डच्या उजव्या हाताला ‘इलेक्ट्रिक पियानो’ लावा, ‘ग्रँड पियानो’ नको, आणि ऑटो रिदम बंद ठेवा. एफ च्या वेळी ए-सी-ई ही तीन बोटं, जी च्या वेळी बी-डी-जी. पेडल प्रत्येक बदलाला सोडून पुन्हा दाबायचा. दोन्ही कॉर्ड शेजारशेजारचे आहेत, पेडल दाबलेलाच राहिला तर एफ चे सूर जी मध्ये सांडतात आणि सगळं गढूळ होतं. समोर बसलेल्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष उडतं.

उरलेल्या गिटारनं पहिल्या कडव्यात स्ट्रमिंग करूच नये. इलेक्ट्रिक असेल तर व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर ठेवून तार छेडा आणि करंगळीनं दोन मात्रांत नॉब उघडा. सूर तोंड फुटल्यासारखा न येता धुक्यातून आल्यासारखा येतो. आठ आवर्तनांत असे तीन-चार पुरेत. ध्रुवपदात स्ट्रमिंग आणि दुसरा आवाज आत आणा. दुसऱ्या कडव्यात दोन्ही पुन्हा काढून घ्या. काढून घेणं महत्त्वाचं. सगळे जण ध्रुवपदात आत शिरतात आणि मग बाहेर यायलाच तयार नसतात, म्हणून दीड मिनिटानंतर ऐकायला नवं काही उरत नाही.

लय मिनिटाला १२० मात्रांची आहे. गाणं संथ वाटतं म्हणून पुष्कळ जण ते १०५-११० वर घेतात. मग ते रडकं होतं आणि ध्रुवपदात घाबरून १२५ वर पळतं. मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं समजून वाजवा. पहिले दोन दिवस डोकं फिरेल, पण नंतर लय हलत नाही.

प्रश्न : एफ चा बार कॉर्ड दाबताना पहिली तार बोंबलते आणि हात दुखतो. – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : या गाण्यासाठी बार, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबणं, धरूच नका. चौथ्या तारेवर तिसरा पडदा, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला आणि पहिली तार मोकळी. हा एफ मेजर सेव्हन्थ. त्या मोकळ्या तारेतला ई इथं साध्या एफ पेक्षा जास्त शोभतो. पाचवी-सहावी तार मात्र वाजू देऊ नका.

प्रश्न : वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. ‘काळी दोन सांग, कुठलंही गाणं बसवतो’ म्हणतात. मला त्यांच्यासोबत गिटारवर ‘ड्रीम्स’ वाजवायचंय, गाणार मीच. कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) कुठं लावू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : वडिलांना सांगा, या गाण्यात एफ म्हणजे म, जी म्हणजे प. मग ते कुठल्याही पट्टीत बसवतील. गिटारसाठी सोपा हिशेब असा : सी आणि डी या आकारांनी, कॅपोशिवाय वाजवलंत तर सा पांढरी पाच येतो. कॅपो एकेक पडदा वर सरकवला की पट्टी एकेक सूर चढते. पहिल्या पडद्यावर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात आणि पाचव्यावर पांढरी एक, जी मूळ गाण्याची. मधल्या ए मायनरच्या जागी या आकारांत ई मायनर येतो. म्हणजे एकही अवघड कॉर्ड नाही.

काळी दोन साठी मात्र याच हिशेबानं कॅपो आठव्या पडद्यावर जाईल आणि गिटार मेंडोलिनसारखी किरकिरी वाजेल. त्याऐवजी कॅपो पहिल्या पडद्यावर लावा आणि जी व ए हे आकार वाजवा, मधल्या तुकड्याला बी मायनर. पट्टी तीच, आवाज भरदार. कॅपो पडद्याच्या धातूच्या पट्टीला अगदी चिकटून मागे बसवा, दोन पडद्यांच्या मधोमध बसवला तर तारा खेचल्या जाऊन चढ्या वाजतात. लावल्यावर सहाही तारा पुन्हा ट्यून करायच्या.

पट्टी ठरवताना वडिलांची सोय बघू नका, स्वतःचा गळा बघा. गाण्यातला सगळ्यांत वरचा सूर ट्यूनरवर शोधा. तो तुमच्या शेवटच्या आरामशीर सुरापेक्षा निदान दोन पायऱ्या खाली हवा. अशा गाण्यात वरचा सूर जोर न लावता यावा लागतो, आणि गॅदरिंगच्या दिवशी गळा घरच्यापेक्षा थोडा आखडलेलाच असतो.

पेटीबद्दल दोन सूचना. जुन्या पेट्या बहुधा ४४० च्या मापात (पांढरी सहा ४४० हर्ट्झवर) नसतात. पेटीची पांढरी सहा दाबून ठेवा आणि ट्यूनर किती दाखवतो ते बघा. क्लिपच्या बहुतेक ट्यूनरमध्ये ४३० ते ४५० पर्यंत माप बदलता येतं, ते पेटीला जुळवा आणि मग गिटार लावा. उलटं करायला जाऊ नका, स्वरपट्ट्या घासणं हे पेटी दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे. दुसरी सूचना कदाचित घरात वाद घडवेल : सा चा ड्रोन बंद. पेटीतला खुंटीचा सूर आत ढकलायचा, तानपुऱ्याचं ॲपही नको. म च्या कॉर्डला ध-सा-ग लागतात, तिथं सा खपून जातो. पण प च्या कॉर्डला नि-रे-प लागतात आणि तिथं तोच सा नि ला जाऊन धडकतो. भजनाची सवय असलेला हात सा सोडायला सहज तयार होत नाही. वडीलधाऱ्यांना हे समजावताना वर सांगितलेलं ‘सा चा कॉर्ड येतच नाही’ हे कारण द्या, ‘इंग्रजी गाण्यात असंच असतं’ असं म्हणू नका.

प्रश्न : हॉल लहान आहे. ड्रम्स वाजले की गाणारीचा आवाज बुडतो. ड्रमर म्हणतो, हळू वाजवलं की मजा जाते. – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : तुमच्या गावात याचा इलाज दुकानोदुकानी टांगलेला असतो : सोलापुरी टर्किश टॉवेल. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्स कोरडे, आखूड आणि जवळ ऐकू येतात, कारण कातड्यावर कापड असायचं. नॅपकिनच्या मापाचा टॉवेल एकदा दुमडून स्नेअरच्या (ड्रमरच्या पुढ्यातल्या चपट्या ड्रमच्या) अर्ध्या भागावर टाका, उरलेला अर्धा काठी मारायला मोकळा. पूर्ण झाकलं तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. फ्लोअर टॉमवर संपूर्ण टॉवेल चालेल, या गाण्यात तो फारसा लागतही नाही. किक ड्रमच्या पोटात जुनी उशी, मागच्या कातड्याला टेकेल अशी. टॉवेल नवा असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, कोरा टॉवेल गुळगुळीत असतो आणि प्रत्येक ठोक्याला सरकतो.

काठ्यांऐवजी बारीक कामट्यांच्या जुडीसारख्या ‘रॉड’ मिळतात, त्या घ्या. मग ड्रमरनं जोर लावला तरी आवाज मर्यादेत राहतो आणि त्याची मजाही जात नाही. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा. दर चार आवर्तनांनी टॉमवर धावायची सवय सोडवा. ड्रम्स अजिबातच नसतील आणि तबला-ढोलकीवर भागवायचं असेल तर डग्गा आणि चाटीचा साधा केहरवा धरा. ओळीच्या शेवटी तिहाई घेतलीत की लावणीला सुरुवात झाली असं लोकांना वाटेल.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. शेजारी यंत्रमाग. घरच्या खोलीत लॅपटॉपवर हे गाणं रेकॉर्ड करायचंय. घरात चादरी हव्या तेवढ्या आहेत. खोलीला लावल्या तर मागाचा आवाज थांबेल का? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : थांबणार नाही. चादर खोलीतला घुमारा खाते, बाहेरचा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. पण घुमारा जाणंही थोडं नाही. चुन्याच्या भिंती आणि शहाबादी फरशी असलेल्या खोलीत गायलेला आवाज डब्यात गायल्यासारखा येतो आणि नंतर तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं सुटत नाही.

तेव्हा चादरी लावाच, पण भिंतीला चिकटवून नको. छताखाली दोरी बांधा आणि सोलापुरी चादर दुमडून दुहेरी टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. मधल्या हवेमुळे चादरीचं काम वाढतं. गाणाऱ्याच्या पाठीमागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, इंग्रजी यू च्या आकारात. माइक ज्या बाजूला तोंड करून असतो ती बाजू आधी झाकायची, म्हणजे गाणाऱ्याची पाठ. लोक नेमकी समोरची भिंत झाकतात आणि पाठ उघडी ठेवतात. फरशीवर सतरंजी. डाव्या-उजव्या हाताला कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडी टाका, फुकटचा फोम आहे तो.

मागाचा आवाज दोन वाटांनी येतो. खटखट येते ती खिडकी-दाराच्या फटींतून. तिथं जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी ठासून बसवा, दाराखाली विशेषतः. दुसरी धडधड येते फरशीतून, माइकच्या स्टँडमधून वर. ती कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये बसते. स्टँडचे पाय दोनदा दुमडलेल्या गादीवर किंवा जाड टॉवेलवर ठेवा. फरक बघायचा असेल तर गादीशिवाय दहा सेकंद आणि गादीवर दहा सेकंद, नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

माइक डायनॅमिक घ्या, शुअरच्या एसएम ५८ सारखा. कंडेन्सर माइक आवाज छान पकडतो, पण तो गल्लीही तितकीच छान पकडतो. तोंडापासून चार बोटांवर, किंचित एका बाजूला, म्हणजे प-ब-फ चे फुसकारे थेट आत जाणार नाहीत. इतकं जवळ गायल्यावर आवाजात खर्ज फुगतो. मग सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं छाटा. फुगलेला खर्जही जातो आणि मागाची धडधडही. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यांत मोठा सूर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. लाल दिव्याला लागलेला सूर परत मिळत नाही.

आवाज काढून टाकणारं ‘नॉइज रिडक्शन’ शक्यतो नको. दणदणीत गाण्यात ते लपतं. इथं ओळी-ओळींच्या मध्ये मोकळी जागा आहे, श्वास ऐकू येतो, आणि त्या फिल्टरनं सुराची शेपटी पाण्याखाली बुडाल्यासारखी होते. त्यापेक्षा दोन ओळींमधला भाग हातानं कापा आणि दोन्ही टोकांना २०-३० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू उतरवा-चढवा. श्वास राहू द्या, तो कापला तर माणूस गात नाही, यंत्र गातंय असं वाटतं.

वेळेचं नियोजन उलटं करा. लोक आवाज रात्री आणि गिटार दिवसा घेतात. गिटारचा माइक बाराव्या पडद्याकडे, वीतभर अंतरावर ठेवावा लागतो, भोकासमोर ठेवला तर नुसता घुम-घुम येतो. इतक्या लांबून गल्ली सगळी आत येते. म्हणून माग थांबलेले असतील तेव्हा गिटार उरकून घ्या, साप्ताहिक सुट्टी किंवा वीज गेलेली वेळ. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर लोडशेडिंगसारखी शांतता नाही. गळा जवळच्या डायनॅमिक माइकवर दिवसाही निभावतो. पंखा मात्र बंद. मे महिन्यात बंद खोलीत तीन-चार मिनिटांचा एक टेक, मग दार उघडून दहा मिनिटं, असंच करावं लागतं. घामेजलेल्या बोटांनी बारकी तार घसरते, आवाजही चढा लागतो.

दुसरा आवाज भरताना एक युक्ती : ‘स’, ‘ट’, ‘क’ यांसारखी शेवटची व्यंजनं फक्त मुख्य गाणारीनं उच्चारायची. साथीच्या आवाजांनी स्वरावरच ओळ सोडून द्यायची. नाहीतर तीन आवाजांचे तीन ‘ट’ वेगवेगळ्या क्षणी येतात आणि पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं.

प्रश्न : मार्चपासून गिटार बिघडलीय. तारा पडद्यांवर झणझणतात आणि मानेच्या कडेला पडद्यांची टोकं बोटाला टोचतात. दुकानदार म्हणतो, मान घासून देतो. – एक वाचक, सांगोला

उत्तर : घासू देऊ नका. गिटार बिघडलेली नाही, वाळलीय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. लाकूड आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येतात. पोटाची फळी खाली बसते, तिच्याबरोबर ब्रिज (तारा अडकवलेली फळीवरची पट्टी) खाली जातो आणि तारा पडद्यांना लागतात. आता घासून घेतलंत तर जुलैत फळी फुगल्यावर तारा वर जातील आणि तुम्ही पुन्हा दुकानात.

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडा, आत स्पंज. स्पंज भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. डबी गिटार ठेवायच्या खोक्यात, तिच्या डोक्याजवळ ठेवा आणि खोकं बंद. एक-दोन दिवसांनी पुन्हा भिजवायचा. स्वस्तातला आर्द्रतामापक खोक्यात टाकला तर अंदाजानं काम करावं लागणार नाही. टोचणारी टोकं आठ-पंधरा दिवसांत बरीचशी आत जातात. त्यानंतरही झणझण राहिली तर बाराव्या पडद्यावर जाड तारेखालची जागा मोजा : अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, दोनच्या खाली असेल तर मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) सैल करायला सांगा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

गिटार कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. दिवसभर ओली हवा आणि रात्री कूलर बंद झाल्यावर कोरडी, अशा हेलकाव्यात लाकूड चिरतं. बंद कारमध्ये तर दहा मिनिटंही नको. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ब्रिजचा गोंद मऊ होतो, आणि सहा तारांचा ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. ब्रिज मागून कागद सरकेल इतका उचललेला दिसला तर लगेच तारा सैल करा आणि मगच कारागीर शोधा.

प्रश्न : हे गाणं गाताना मलाच रडू येतं आणि आवाज चिरकतो. नुकतंच माझंही… असो. – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : रडू येताना स्वरयंत्र वर चढतं, म्हणून आवाज बारीक होतो आणि फाटतो. जी ओळ जड जाते ती पंधरा-वीस वेळा नुसती बोला, सुराशिवाय, भाजीवाल्याशी बोलतो त्या आवाजात. मग तोंड मिटून गुणगुणा, मग गा. त्या ओळीआधी श्वास कुठं घ्यायचा ते कागदावर खूण करून ठेवा, कारण घशाशी आलेलं असताना माणूस आधी श्वास विसरतो. पट्टी एक सूर उतरवली तरी चालेल. आणि यंदाच्या कार्यक्रमात ते दुसऱ्या कुणी गायलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : याच चालीवर मराठी शब्द लिहिलेत. कार्यक्रमात म्हणायचे आणि यूट्यूबवर टाकायचे आहेत. कुणी अडवेल का? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळा-कॉलेजला सवलत आहे : संस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणं सादर केलं आणि समोर फक्त संस्थेचेच लोक, पालक असे असले तर हक्काचा भंग होत नाही. हौशी मंडळानं पैसे न घेता, तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमालाही तशी सवलत आहे. तिकीट लावलंत किंवा हॉटेलात वाजवलंत तर शब्द-संगीताचा परवाना लागतो. भारतात तो बहुधा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, देते. परवाना काढणं हे आयोजकाचं काम आहे, वाजवणाऱ्याचं नाही, हे मानधन ठरवतानाच बोलून घ्या.

यूट्यूबवर गाणं जसंच्या तसं गायलंत तर यंत्रणा बहुतेक वेळा चाल ओळखते, व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात. कधी व्हिडिओ उतरवलाही जातो. पण त्याच चालीवर नवे मराठी शब्द बसवणं म्हणजे मूळ रचनेत बदल, त्याला परवानगी हवीच. आपल्याकडे हा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे वाट बघून उपयोग नाही.

त्यापेक्षा चाल तुमची करा. म आणि प वर झुलायचं आणि सा ला जायचं नाही, ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. पट्टी, लय, सुरावट सगळं आपलं घ्या. तुम्ही पाठवलेल्या शब्दांत एकच अडचण दिसते. ओळींच्या शेवटी ‘संपलं’, ‘राहिलं’, ‘विसरलं’ असं आहे आणि तिथंच तुम्ही सूर चार मात्रा लांबवताय. तो आखूड अ ताणला की कण्हल्यासारखा ऐकू येतो. भावगीतात ‘संपले’, ‘राहिले’ असतं ते याचसाठी, ए लांबवायला सोपा. ते जुनाट वाटत असेल तर ओळ फिरवा आणि शेवट ‘आता’, ‘पुन्हा’, ‘जाताना’ अशा आ वर आणा. ‘ओळख’, ‘निरोप’ असे व्यंजनावर मिटणारे शब्द आखूड सुरांवर, ओळीच्या मध्ये टाका. आणि दुसऱ्या कडव्यात पावसाळी रात्र, ओली वाट, विझलेला दिवा हे तिन्ही आलेत, त्यातले दोन तरी काढाच.